लग्नघराची भिंत

पहाटे साडेपाच

वैशाखात अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीला भिंतीचं काम होतं ते सकाळी दहाच्या आत, नाहीतर दुपारी चारनंतर. मधल्या वेळात भिंत अशी तापते की डिस्टेंपर ब्रशवरून उतरेपर्यंत आटतं आणि लांब रेघ मधेच तुटते. म्हणून उजाडायच्या आत मी लग्नघरी हजर असतो. परवा हळद आहे. दाराच्या दोन्ही अंगांना जागा भरपूर, आणि चुन्याचे दोन हात काल मारून झालेत.

आधी भिंतीचा खालचा हातभर भाग तारेच्या ब्रशने घासायचा. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. जमिनीतलं पाणी खारं, ते विटांमधून वर चढतं आणि भिंतीला लोणा धरतो. ती पांढरी भुकटी रंगाला आतून ढकलते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे रंग कालवायला मी बोअरचं पाणी घेत नाही, नळाचं घेतो, आणि पायाशी गेरूचा रुंद पट्टा ओढून चित्र त्याच्या वरून सुरू करतो. पट्टा दर सणाला नव्याने ओढता येतो, हत्तीचे पाय कोण पुन्हा काढणार?

साडेसहा

निळीत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून भिंतीवर मारला की सरळ रेघ उमटते. उभ्या-आडव्या रेघा मारून होतात तोवर घरातल्या आजी चहा घेऊन बाहेर येतात. माझ्या दिवसातला हा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ब्रश हातात घेण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं : तुमच्याकडे काय चालतं, काय चालत नाही, कशाचं तोंड कुठे हवं? न विचारता काढलेलं चित्र छान दिसेल, पण ते त्या घराचं होणार नाही.

"पेंटरभाऊ, केळीले पिलं काढजा बरं," आजी म्हणाल्या. "थोरल्याच्या लग्नात त्या पोरानं नुसतेच खांब उभे केले होते."

आजींचं खरं आहे. लग्नाच्या दाराशी केळ कशासाठी? केळीला घड एकदाच येतो. मग ते झाड संपतं, पण संपायच्या आधी त्याच्या बुडाशी पिलं फुटलेली असतात आणि बाग चालू राहते. वंश चालू राहावा म्हणून केळ. म्हणजे पिलं हाच त्या चित्राचा गाभा. बाजारातून आणलेल्या छापील फ्लेक्सवर केळीचे खांब असतात, घडही असतो, बुडाशी मात्र काही नसतं. ज्याने ते डिझाईन केलं त्याला कोणी आजी भेटली नसावी. मी एका खांबाच्या पायाशी तीन पिलं काढतो, दुसऱ्याशी दोन. दोन्हीकडे सारखी काढली की ती ठशाची वाटतात. पिलाचं पहिलं पान गुंडाळलेलं, टोकदार असतं. ते पोपटी रंगात एका फटकाऱ्यात वर न्यायचं आणि हात तिथेच उचलायचा.

घडाखाली लोंबणारं केळफूल शेवटी. त्याचा जांभळट तांबूस रंग स्टेनरच्या बाटलीतून थेट मिळत नाही. तांबड्यात निळा थेंबाथेंबाने टाकत जायचं, आणि थोडं आधीच थांबायचं. वाळल्यावर त्याची छटा बदलते.

आठ

दाराच्या डोक्यावर गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना कलश. कलशावर आंब्याची पाच पानं, वर नारळ. पाणी, पान, फळ हे सगळं एका भांड्यात आलं की घर भरलेलं आहे असं दार सांगतं. कलशाचं पोट चांगलं गरगरीत हवं. फुलदाणीसारखा निमुळता कलश पाहिला की मला चैन पडत नाही.

त्याच्या वर कोपऱ्यांत चंद्र आणि सूर्य. ही जोडी मला फार जवळची आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वीरगळांवर, जुन्या दानलेखांच्या शिळांवर हीच दोघं कोरलेली असतात : चंद्र-सूर्य असेपर्यंत हे टिको. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, मेळघाटात, कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी लाकडी खांब उभा करतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर घोडेस्वार कोरलेला असतो आणि वर हेच चंद्र-सूर्य. मरणाच्या खांबावर आणि लग्नाच्या भिंतीवर तीच दोन चिन्हं, कारण दोन्ही ठिकाणी साक्षीदार लागतो. लग्नपत्रिकेवर ती आता क्वचित दिसतात, म्हणून मी भिंतीवर आग्रहाने काढतो. चंद्राची कोर पांढरी न ठेवता तिला पिवडीचा हलका हात देतो, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्यात ती हरवत नाही.

दहा

ऊन अंगावर येतं. ब्रश पाण्यात टाकून मी जवळच्या एका जैन कुटुंबाकडे जातो. त्यांच्या उंबऱ्यावरचा स्वस्तिक पुसट झालाय. भातकुलीचं आदिनाथांचं मंदिर दिगंबर जैनांचं अतिशय क्षेत्र आहे, लांबून लोक दर्शनाला येतात. चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती दिसायला सारख्या, त्या ओळखायच्या पायाशी कोरलेल्या खुणेवरून : आदिनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा नाग, महावीरांचा सिंह. खूण समजली की मूर्ती समजली.

जैन घरातला स्वस्तिक काढताना हात सैल सोडून चालत नाही. चार भुजा म्हणजे जीवाच्या चार गती : देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक. त्यावर तीन ठिपके, ते सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र. सगळ्यात वर चंद्रकोर आणि तिच्यात एक ठिपका : सिद्धशिला, म्हणजे मुक्त जीवांची जागा, आणि तिथे पोचलेला जीव. देवळात हेच तांदळाने मांडतात. अख्खं तत्त्वज्ञान तळहाताएवढ्या जागेत बसलेलं आहे, आणि ते खालून वर वाचायचं असतं. शेजारच्या हिंदू घरी त्याच स्वस्तिकाच्या चार घरांत चार ठिपके पडतात, बाजूला दोन उभ्या रेघा येतात आणि अर्थ शुभलाभाकडे वळतो. दोन्ही घरांत मला त्याच हाताने काढायचं असतं. कोणत्या घरात आहोत हे मात्र विसरायचं नसतं.

दुपार

बारा ते चार बाहेर माणूस दिसत नाही. लग्नघरीच जेवण झालं आणि ओसरीवर अंग टाकलं. नवरीची धाकटी बहीण नागपूरला डिझाईन शिकते. तिने फोनवर किमोनोंची चित्रं दाखवली आणि माझी झोप उडाली.

जपानी नवरी लग्नात जो जड झगा वरून घेते, त्याला उचिकाके म्हणतात. त्यावर उडणारे क्रौंच भरलेले असतात. क्रौंच हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार, अशी तिकडे समजूत आहे. शिवाय क्रौंचाची जोडी जन्मभराची. कासवाच्या पाठीच्या षट्कोनांची नक्षी तिकडे दीर्घायुष्याची खूण. आपल्या देवळात सभामंडपात पायाखाली येऊ नये म्हणून आपण ज्याला वळसा घालतो तेच हे कासव. पाइन, बांबू आणि प्लम ही तिघं एकत्र येतात, कारण थंडीत पहिले दोन हिरवे राहतात आणि तिसरा बर्फातच फुलतो. संकटात टिकणारं ते मंगल. आमच्या केळीचं मंगल निराळं आहे : ती टिकत नाही, मागे ठेवून जाते. मला दोन्ही पटतात. हिवाळ्यात बर्फ पडतं तिथे टिकण्याचं मोल, आणि इथे पाऊस आला की सगळं पुन्हा फुटतं.

आपला स्वस्तिक तिकडे बुद्धाबरोबर पोचला. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची जागा त्याच चिन्हाने दाखवतात, फक्त भुजा आपल्या उलट दिशेला वळलेल्या. विद्येची आपली सरस्वतीही तिकडे बेंझायतेन होऊन बसली, हातात वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य घेऊन.

मुलीला सगळ्यात आवडलेली नक्षी होती आसानोहा, भांगेच्या पानाची. षट्कोनात चांदण्या, एकीला लागून दुसरी, न संपणारी. ते झाड झपाट्याने आणि सरळसोट वाढतं, म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची. आपल्याकडे दोरासाठी अंबाडी, तिकडे ही. अंबाडीच्या पानालाही तशीच बोटं असतात. मी वहीच्या मागच्या पानावर कंपासने ती मांडून पाहिली. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला कर्तव्य भूमिती केलेल्या कोणालाही जमेल. वर्तुळ, त्यात षट्कोन, समोरासमोरचे कोन जोडायचे, मग प्रत्येक त्रिकोणाच्या मध्यापासून तिन्ही कोपऱ्यांना रेघा.

"दादा, भिंतीवर काढाल का ही?"

"लग्नाच्या भिंतीवर नको," मी म्हटलं. "ताईचं पहिलं लेकरू झालं की पाळण्यामागच्या भिंतीवर काढू. तिची जागा ती आहे."

हे मी मनचं बोललो नव्हतो. श्रावणातल्या बुध-बृहस्पतीच्या कहाणीत बाहुल्या कुठे काढाव्या हे नेमून दिलेलं आहे. पाळण्याशी काढल्या तर लेकरांसाठी, कोठीवर काढल्या तर धान्यासाठी, पेटीवर काढल्या तर पैशासाठी. चित्र तेच, जागा बदलली की मागणं बदलतं. जिवतीच्या कागदावर बुध-बृहस्पतींना हत्ती आणि वाघ मिळतात आणि वर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मांडीवर मुलं घेतलेल्या जरा-जिवंतिका. आषाढी अमावास्येला तो कागद आमच्याकडे दारापाशी किंवा देवघरात चिकटतो आणि श्रावणातला शनिवार, नागपंचमी, शुक्रवार, बुधवार, गुरुवार अशी सगळी पूजा त्या एका कागदावर होते.

चार

आता मोठं काम, हत्ती. दाराच्या दोन्ही बाजूंना, तोंडं दाराकडे, सोंडा वर. पाठ फिरवलेला हत्ती म्हणजे लक्ष्मी निघाली, असं आजींनी बजावलंय. कपाळापासून शेपटीपर्यंतची पाठीची रेघ खांद्यातून ओढायची. मनगटातून ओढली की ती थरथरते. अंबारीच्या झुलीवर मी पैठणीच्या पदरातले मोर आणि असावलीची वेल घेतो. डोळा बारीक आणि थोडा खाली. डोळा मोठा झाला की हत्ती घाबरलेला दिसतो.

हत्तीच्या वर राघू, तो मदनाचं वाहन. आणि आमच्या भागात हटकून एक रथ येतो. रुक्मिणीचं कौंडण्यपूर आमच्याच जिल्ह्यात. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेलं अशी श्रद्धा. तिचा भाऊ रुक्मी कृष्णाकडून हरला, आणि हरून कौंडण्यपुरात परत यायचं नाही असा त्याचा पण होता, म्हणून त्याने भोजकट वसवलं. ते भोजकट म्हणजे ही भातकुली असं मानतात. मी रथ काढत होतो तेव्हा आजोबांनी खुर्ची उन्हातून ओढून जवळ आणली. "रथ पुढे जाऊ द्या," ते म्हणाले, "अन् रुक्मिणीचं तोंड मागे वळवा. पोरगी घर सोडताना मागे पाहतेच." तसं काढलं. आजवर पाहिलेल्या कोणत्याही रुक्मिणीहरणात मी हे पाहिलं नव्हतं, आणि यापुढे दुसऱ्या तऱ्हेने काढावंसं वाटणार नाही.

दाराच्या उजव्या हाताला दीड फूट जागा मी मुद्दाम कोरी ठेवतो. तिथे परवा हळदीचे पंजे उमटतील. ते घरच्या बायांनी उमटवायचे, पेंटरने नाही. ब्रशने पंजा काढून द्या असं कोणी सांगितलं तर मी नाही म्हणतो. त्या चिन्हात हात लागलेला असणं हाच अर्थ आहे.

साडेसहा

उतरत्या उजेडात अक्षरं. 'शुभविवाह' तांबड्यात, कडेला पिवळी. नावं आधी खडूने, आणि घरच्यांकडून दोनदा वाचून घेतल्याशिवाय रंग लावत नाही. रथाच्या चाकांना शेवटचा हात दिला, ब्रश रॉकेलमध्ये न टाकता साबणाने धुतले, डिस्टेंपरला तेवढं पुरतं.

आठ

पुढच्या आठवड्याचं काम ठरवायला बौद्ध वस्तीतल्या एका घरी गेलो. तिथेही आधी म्हाताऱ्या माणसालाच विचारलं. वर 'मंगल परिणय' लिहायचं, गणपती नाही, कलश नाही. पिंपळाचं पान मोठं, शेपटीसारखं लांब टोक असलेलं. धम्मचक्राला आठ आरे, अष्टांगिक मार्गाचे. अशोकचक्र काढलं तर चोवीस. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी हे पंचशील ध्वजाचे रंग क्रमाने. कमळ चालेल, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर आहे तसं पाकळ्यांच्या वर्तुळांचं.

"अन् हत्ती?" मी विचारलं.

"हत्ती तर पायजेच," बाबा म्हणाले. "पांढरा. महामायेच्या स्वप्नातला. अंबारी नको, सोंडेत कमळ द्या."

मी वहीत मापं लिहून घेतली : बारा फूट बाय सात, पूर्वेची भिंत, खाली लोणा. पांढऱ्या हत्तीला पांढऱ्या चुन्यावर उठाव द्यायचा तर मागे आधी निळा लावावा लागेल, आणि त्याला दोन दिवस वाळायला हवे. म्हणून रविवारऐवजी शुक्रवारी पहाटे सुरू करायचं ठरलं.