बाह्य हार्ड डिस्क सुरक्षितपणे विलग करणे

बाह्य हार्ड डिस्क सुरक्षितपणे विलग करणे म्हणजे लॅपटॉपला केबलने जोडलेल्या हार्ड डिस्कवरील सर्व प्रलंबित लेखन पूर्ण करून, ऑपरेटिंग सिस्टीमचा तिच्याशी चालू असलेला व्यवहार रीतसर संपवून, त्यानंतरच केबल काढणे होय. या क्रियेस व्यवहारात 'इजेक्ट करणे' असे म्हणतात. फाइलची नक्कल पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसणे आणि ती डिस्कच्या चकतीवर प्रत्यक्ष लिहिली जाणे या दोन वेगळ्या घटना असून त्यांच्यामध्ये काही काळ जाऊ शकतो. या मधल्या काळात केबल काढली गेल्यास फाइल अपूर्ण राहणे, फोल्डर नाहीसे होणे किंवा संपूर्ण डिस्क वाचता न येणे असे परिणाम संभवतात. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागांत, उदाहरणार्थ रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात, या विषयाला अधिक व्यावहारिक महत्त्व आहे.

इतिहास

पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क 'आयबीएम ३५०' ही १९५६ साली 'रॅमॅक' या संगणकाबरोबर बाजारात आली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. एवढे अवजड यंत्र चालू स्थितीत काढण्याचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न प्रथम फ्लॉपी डिस्कमुळे निर्माण झाला. बहुसंख्य वैयक्तिक संगणकांवर फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी यांत्रिक बटण असे, त्यामुळे लेखन चालू असतानाही वापरकर्ता ती काढू शके. १९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकात असे बटण नव्हते. संगणकाला आज्ञा दिल्यावर तोच मोटरच्या साहाय्याने फ्लॉपी बाहेर ढकलत असे. 'इजेक्ट' हा शब्द याच प्रकारच्या यंत्रणांतून पुढे रूढ झाला.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या मानकाच्या निर्मितीत इंटेल कंपनीतील भारतीय वंशाचे अभियंता अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. संगणक चालू असतानाच उपकरण जोडता व काढता येणे हे यूएसबीचे वैशिष्ट्य आहे. मात्र ही सोय विद्युत जोडणीपुरती आहे. डिस्कवरील माहितीचा व्यवहार पूर्ण झाला आहे की नाही, याची खात्री केबल देत नाही.

लांबणीवर टाकलेले लेखन

हार्ड डिस्कच्या तुलनेत संगणकाची मेमरी कित्येक पट वेगवान असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम लिहावयाची माहिती प्रथम मेमरीत साठवते आणि सोयीने डिस्ककडे पाठवते. या पद्धतीस 'राइट कॅशिंग' म्हणतात. लिनक्सच्या सर्वसाधारण मांडणीत अशी माहिती सुमारे ३० सेकंदांपर्यंत मेमरीतच राहू शकते. याशिवाय हार्ड डिस्कच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवरही थोडी मेमरी असते आणि माहितीचा काही भाग तेथेही थांबलेला असू शकतो.

टपाल पेटीत पत्र टाकले म्हणजे पाठवणाऱ्याचे काम संपते, पण पत्र पोहोचलेले नसते. राइट कॅशिंगमध्ये नेमके असेच घडते. इजेक्टची आज्ञा दिल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम क्रमाने पुढील कामे करते : डिस्कवरील एखादी फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडी ठेवली आहे काय हे तपासणे, मेमरीत उरलेली माहिती डिस्ककडे पाठवणे, डिस्कला स्वतःची मेमरी रिकामी करण्यास सांगणे, आणि फाइल सिस्टीम बंद झाल्याची नोंद करणे. अनेक डिस्कच्या बाबतीत यानंतर चकती थांबवण्याची सूचनाही दिली जाते.

विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाह्य डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' हे धोरण मूलतः लागू असते. त्यात विंडोज स्वतःकडे लेखन साठवून ठेवत नाही. त्यामुळे धोका बराच कमी होतो, परंतु नाहीसा होत नाही : लेखन चालू असतानाच केबल निघाल्यास या धोरणाचा उपयोग होत नाही. वापरकर्त्याने वेग वाढवण्यासाठी 'बेटर परफॉर्मन्स' हे धोरण निवडले असल्यास दर वेळी इजेक्ट करणे आवश्यक ठरते.

फाइल सिस्टीमवरील परिणाम

फाइल सिस्टीम म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे याची नोंदवही होय. एक फाइल लिहिताना फाइलमधील मजकूर, तिचे नाव व आकार, आणि व्यापलेल्या जागेची नोंद अशा अनेक ठिकाणी बदल करावे लागतात. यांपैकी काही बदल झाले व काही राहिले, तर नोंदवहीत विसंगती निर्माण होते.

विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४ यांसारख्या फाइल सिस्टीम बदल करण्यापूर्वी त्याची टिपणी एका स्वतंत्र नोंदपत्रात करतात. या पद्धतीस 'जर्नलिंग' म्हणतात. अचानक खंड पडल्यास त्या टिपणीवरून नोंदवही पुन्हा सुसंगत करता येते. तथापि जर्नलिंग सामान्यतः नोंदवहीचे रक्षण करते, फाइलमधील मजकुराचे नव्हे. फाइलचे नाव शिल्लक राहून आतील मजकूर अर्धवट असणे त्यामुळे शक्य असते.

विंडोज व मॅकओएस या दोन्हींवर चालावी म्हणून अनेक बाह्य डिस्क एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये तयार केलेल्या असतात. एक्सफॅट व तिच्या आधीची फॅट३२ यांत जर्नलिंगची सोय नाही. म्हणून अशा डिस्क इजेक्ट न करता काढणे अधिक धोक्याचे असते.

यंत्ररचनेवरील परिणाम

लॅपटॉपसोबत नेण्याजोग्या हार्ड डिस्कची चकती बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरते. माहिती वाचणारे व लिहिणारे शीर्ष चकतीला स्पर्श न करता तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. डिस्क रीतसर थांबवल्यास हे शीर्ष चकतीबाहेरील उतारावर सावकाश नेऊन ठेवले जाते.

वीज एकाएकी तुटल्यास डिस्क फिरत्या चकतीच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या विजेवर शीर्ष मागे खेचून घेते. ही आपत्कालीन व्यवस्था असून तिचा यंत्रणेवर नेहमीपेक्षा अधिक ताण पडतो. एखाद्या वेळी डिस्क अशी बंद झाल्याने ती बिघडेलच असे नाही, मात्र हे रोजचे झाल्यास तिचे आयुष्य घटू शकते.

केबल काढल्यानंतरही चकती काही क्षण फिरत राहते. म्हणून डिस्क उचलण्यापूर्वी सुमारे १० सेकंद थांबणे इष्ट असते. लेखन किंवा वाचन चालू असताना डिस्क हलवणे, उभी करणे किंवा टेबलावरून सरकवणे टाळावे.

बाह्य एसएसडीत फिरणारे भाग नसतात. तरीही कोणती माहिती कोणत्या कप्प्यात आहे याचा तक्ता ती सतत बदलत असते. तो लिहीत असतानाच वीज गेल्यास एसएसडीवरील माहितीही नष्ट होऊ शकते. म्हणून इजेक्ट करण्याचा नियम तिलाही लागू आहे.

कार्यपद्धती

सर्व प्रणालींमध्ये आधी डिस्कवरील उघड्या फाइल व त्या वापरणारे प्रोग्रॅम बंद करावेत. त्यानंतरची कृती प्रणालीनुसार वेगळी असते.

विंडोज : पडद्याच्या तळाशी घड्याळाजवळील चिन्हांपैकी 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर अँड इजेक्ट मीडिया' हे चिन्ह निवडून डिस्कच्या नावावर टिचकी द्यावी. चिन्ह दिसत नसल्यास तेथील वरच्या दिशेच्या बाणाखाली ते सापडते. फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्कच्या नावावर उजवी टिचकी देऊनही 'इजेक्ट' हा पर्याय मिळतो. डिस्क काढण्यास हरकत नसल्याचा संदेश आल्यावर केबल काढावी.

मॅकओएस : फाइंडरच्या बाजूच्या पट्टीत डिस्कच्या नावापुढील इजेक्टचे चिन्ह दाबावे किंवा डिस्कचे चिन्ह कचरापेटीकडे ओढावे. ओढताना कचरापेटीचे चिन्ह इजेक्टच्या चिन्हात बदलते. डिस्कचे चिन्ह नाहीसे झाल्यावर केबल काढावी.

लिनक्स : फाइल व्यवस्थापकात डिस्कच्या नावापुढील इजेक्टचे चिन्ह दाबावे. आज्ञापटलावर 'यूमाउंट' ही आज्ञा वापरली जाते. मोठ्या फाइलची नक्कल केल्यानंतर या क्रियेस काही मिनिटेही लागू शकतात. हा बिघाड नसून मेमरीत थांबलेले लेखन त्या वेळी पूर्ण होत असते.

केबल काढताना तिची तार न ओढता टोकाचा प्लग धरावा. डिस्कवरील दिवा लुकलुकत असल्यास सामान्यतः व्यवहार चालू असतो, परंतु दिवा स्थिर आहे एवढ्यावरून व्यवहार संपला असे समजू नये.

लॅपटॉप 'स्लीप' अवस्थेत असताना डिस्क काढणे सुरक्षित नाही, कारण त्या अवस्थेत फाइल सिस्टीम उघडीच असते. विंडोज ८ पासूनच्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे लॅपटॉप बंद करतानाही प्रणालीच्या अवस्थेचा काही भाग जपून ठेवला जातो. त्यामुळे बंद करण्यापूर्वीच डिस्क इजेक्ट करणे श्रेयस्कर असते.

डिस्क वापरात असल्याचा संदेश

इजेक्ट करताना डिस्क वापरात असल्याचा संदेश आल्यास कोणता तरी प्रोग्रॅम तिच्यावरील फाइल धरून असतो. उघडे दस्तऐवज, चित्रफीत दाखवणारा प्रोग्रॅम, विषाणूप्रतिबंधक तपासणी आणि शोधासाठी सूची तयार करणारी यंत्रणा ही त्याची नेहमीची कारणे होत. काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न केल्यास बहुधा अडचण दूर होते. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या सिस्टीम विभागात कर्नल-पीएनपी या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद पाहिल्यास अडवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव कळते. मॅकओएस व लिनक्समध्ये 'एलएसओएफ' ही आज्ञा उघड्या फाइलची यादी देते. कारण न सापडल्यास लॅपटॉप पूर्णपणे बंद करून मगच केबल काढावी. हा संदेश म्हणजे काम अजून बाकी असल्याची सूचना असल्याने त्याकडे दुर्लक्ष करून केबल ओढणे धोक्याचे असते.

वीजपुरवठा आणि माणगाव परिसर

केबल हाताने न काढताही डिस्क अचानक विलग होऊ शकते. वीज जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. माणगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरील व कोकण रेल्वेवरील तालुक्याचे ठिकाण असून याच तालुक्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प, आराखडे व प्रबंध लॅपटॉपवर तयार होऊन बाह्य डिस्कवर साठवले जाणे अशा ठिकाणी स्वाभाविक आहे. पावसाळ्यात वादळी वाऱ्याने या भागातील वीजवाहिन्यांना वारंवार बाधा पोहोचते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि दक्षिण रायगडातील अनेक गावे अनेक दिवस अंधारात राहिली.

वीज गेल्यावर बॅटरीमुळे लॅपटॉप चालू राहतो, म्हणून डिस्कही चालू असल्याचा समज होतो. हे डिस्कच्या प्रकारावर अवलंबून असते. २.५ इंची लहान डिस्क यूएसबी केबलमधूनच ५ व्होल्टची वीज घेते, त्यामुळे लॅपटॉप चालू असेपर्यंत तीही चालू राहते. ३.५ इंची मोठ्या डिस्कला मात्र भिंतीवरील सॉकेटमधून १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. वीज जाताच ती तत्क्षणी बंद पडते आणि लॅपटॉपच्या मेमरीतील प्रलंबित लेखन तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मोठी डिस्क वापरणाऱ्याने म्हणूनच तिचा अडॅप्टर यूपीएसला जोडणे आवश्यक ठरते. लहान डिस्कच्या बाबतीत वीज गेल्यावर चालू असलेली नक्कल पूर्ण होऊ द्यावी आणि बॅटरी संपत येण्यापूर्वी डिस्क इजेक्ट करावी.

अचानक विलग झाल्यास

डिस्क पुन्हा जोडल्यावर ती दुरुस्तीसाठी तपासण्याची सूचना मिळाल्यास आणि महत्त्वाच्या फाइल वाचता येत असल्यास प्रथम त्यांची दुसरीकडे प्रत करावी, त्यानंतर तपासणी करावी. त्यासाठी विंडोजमध्ये 'चेकडिस्क', मॅकओएसमध्ये डिस्क युटिलिटीतील 'फर्स्ट एड' आणि लिनक्समध्ये 'एफएसचेक' ही साधने आहेत. डिस्क फॉरमॅट करण्याची सूचना आल्यास ती स्वीकारू नये. या सूचनेचा अर्थ नोंदवही वाचता येत नाही एवढाच असतो, मजकूर बहुधा चकतीवर शिल्लक असतो. अशा वेळी डिस्कवर नवीन काहीही न लिहिता 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक' यांसारख्या मुक्त साधनांनी फाइल परत मिळवण्याचा प्रयत्न करता येतो. परत मिळालेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात.

डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असल्यास ती ताबडतोब बंद करावी. ही यांत्रिक बिघाडाची लक्षणे असून वारंवार चालू करून पाहिल्यास चकतीचे अधिक नुकसान होते.

अतिरिक्त प्रती

रीतसर इजेक्ट केल्याने एका कारणाने होणारे नुकसान टळते, परंतु पडणे, चोरी, ओल व पूर यांपासून संरक्षण मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी माणगावच्या शेजारील महाड शहरात सावित्री नदीच्या पुराचे पाणी घरांत व बाजारपेठेत शिरले. अशा प्रसंगी एकाच कपाटातील लॅपटॉप आणि बाह्य डिस्क दोन्ही एकाच वेळी निकामी होऊ शकतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेल्या '३-२-१' नियमानुसार माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी असावी. ही अन्य ठिकाणची प्रत दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कच्या किंवा इंटरनेटवरील साठवणुकीच्या स्वरूपात असू शकते. प्रत तयार झाल्यावर डिस्क इजेक्ट करून, ती पुन्हा जोडून एक-दोन फाइल उघडून पाहिल्यास लेखन खरोखर पूर्ण झाल्याची खात्री होते.