उष्णता-पंपाचा जमाखर्च

नाशिक जिल्ह्यातील थंडीचा लौकिक निफाडच्या वाट्याला गेला असला, तरी गिरणेच्या खोऱ्यातील देवळा, कळवण, सटाणा या परिसरातही मार्गशीर्ष-पौषातील पहाट काही कमी बोचरी नसते. अंघोळीस कढत पाणी ही येथे चैन नव्हे, गरज आहे. एके काळी ही गरज अंगणातील तांब्याचा बंब भागवीत असे. त्याच्या पोटात पऱ्हाट्या, गोवऱ्या, मक्याची रिकामी कणसे, जे हाती लागेल ते जाई आणि त्याचे बिल कोणी पाठवीत नसे. पुढे अंगणे गेली, बंब माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी विजेची कांडी किंवा गीझर आला. आता त्याही पुढची पायरी म्हणून उष्णता-पंपाची, म्हणजे बाजारातील भाषेत ‘हीट पंपा’ची, जाहिरात होऊ लागली आहे. विजेचा खर्च एक-तृतीयांशावर आणणारे हे यंत्र तालुक्याच्या गावातील शिक्षकाने वा कारकुनाने घ्यावे काय, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा कमी आणि अर्थशास्त्राचा अधिक आहे.

यंत्रामागील तत्त्व नवे नाही. १८५२ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी ते मांडले होते, आणि झुरिचच्या नगरभवनात १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातील उष्णता ओढून इमारत उबदार ठेवणारा पंप बसविण्यात आला होता. घरातील फ्रिज आतील उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हा पंप बाहेरच्या हवेतील उष्णता काढून टाकीतील पाण्यात टाकतो. वीज उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर ती वाहून नेण्यासाठी खर्ची पडते. म्हणूनच एका युनिटच्या मोबदल्यात सुमारे तीन युनिटांची उष्णता पदरात पडते. यात जादू नाही आणि फसवणूकही नाही.

चार माणसांच्या कुटुंबास दररोज १०० लिटर गरम पाणी लागते आणि ते २५ अंशांनी तापवावयाचे आहे असे समजू. त्यास २,५०० किलोकॅलरी उष्णता हवी. विजेचे एक युनिट ८६० किलोकॅलरी देते. म्हणजे गीझरला जवळजवळ तीन युनिटे लागणार. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गीझरवरील तारे हे टाकीतून उष्णता किती झिरपते एवढेच सांगतात. पाच तारे मिरविणाऱ्या गीझरलाही तेच पाणी तापविण्यास तीन युनिटे द्यावीच लागतात. उष्णता-पंपाचे काम मात्र सुमारे एका युनिटात होते. थेट पहाटेच्या गारठ्यात चालविला तर त्याचा लाभ तिपटीवरून अडीचपटीपर्यंतही उतरू शकतो; कारण हवा जितकी थंड, तितके उष्णता ओढण्याचे कष्ट अधिक. शहाणपण दुपारी पाणी तापवून टाकीत राखण्यात आहे. वेळेनुसार नोंद करणारे मीटर ज्यांच्याकडे आहे, अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या काळातील वापरावर जुलै २०२५ पासून सवलत मिळू लागली, हे त्यास पूरकच ठरले.

वाचलेल्या युनिटाचे मोल ठरविताना बिलाची सरासरी काढणे ही सर्वसाधारण चूक आहे. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांपुढचे युनिट जवळजवळ दुपटीने महाग पडते. ज्या घराचा एरवीचा वापर महिना ९० युनिटे आहे, तेथे गीझर आणखी ९० घालतो. म्हणजे ८० युनिटे महाग पायरीवर जातात. पंप ३० घालतो. महाग पायरीवर फक्त २० जातात. वाचलेली साठच्या साठ युनिटे महागातली आहेत. वहन आकार आणि वीज शुल्क मिळवून अशा युनिटास १२ रुपये धरणे वावगे होणार नाही.

येथवर जाहिरातीशी भांडण नाही. भांडण सुरू होते ते यंत्राच्या किमतीपाशी. देवळ्यात वर्षाचे सुमारे २०० दिवस कढत पाणी लागते असे मानले, तर दररोज दोन युनिटांप्रमाणे ४०० युनिटे, म्हणजे ४,८०० रुपये वाचतात. गीझरपेक्षा पंपास ६०,००० रुपये अधिक मोजावे लागले असे समजू. हीच रक्कम साडेसात टक्क्यांनी ठेवीत राहिली असती, तर वर्षाकाठी ४,५०० रुपये व्याज आले असते. बचतीतून मुद्दल फेडण्यास उरतात ३०० रुपये! पतसंस्थेचे १२ टक्क्यांचे कर्ज काढून पंप घेणाऱ्यास तर व्याजच ७,२०० रुपये पडेल. म्हणजे वीज वाचवूनही तो दरसाल खड्ड्यात जाईल. लहान कुटुंबास हा व्यवहार परवडत नाही, हे विक्रेता सांगत नाही, आणि ते सांगणे त्याचे कामही नव्हे. स्वतःचे छप्पर असलेल्याने आधी सौर बंबाकडे पाहावे. नाशिकच्या हिवाळ्यातील निरभ्र आकाश त्याला अनुकूलच आहे. एकत्र कुटुंबात दिवसाला ३०० लिटर पाणी तापत असेल, तर मात्र हिशेब पालटतो, कारण बचत तिप्पट होते आणि किंमत तिप्पट होत नाही.

भाड्याने राहणाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. बदलीवर आलेला शिक्षक बिल भरतो. उपकरण मात्र घरमालक निवडतो. जो खर्च करणार त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ त्याच्या हाती निवड नाही. मग स्वस्तातली कांडी बादलीत बुडविली जाते. तिने अपघाताचे भय असते ते वेगळेच.

या यंत्राची खरी जागा घर नसून वसतिगृह आहे. शेजारच्या कळवण, सुरगाणा भागांतील आदिवासी आश्रमशाळांचाच विचार करावा. गरम पाण्याअभावी थंडीत कुडकुडणाऱ्या मुलांच्या तक्रारी वृत्तपत्रांच्या वाचकांस नव्या नाहीत. ३०० मुलांच्या शाळेत प्रत्येकी १५ लिटर धरले, तरी रोज ४,५०० लिटर पाणी होते. साध्या विजेने ते तापविण्यास सुमारे १३० युनिटे लागतील. पंपास ४४ पुरतील. दिवसाला ८६ आणि २०० दिवसांत १७,००० हून अधिक युनिटे वाचतात. शाळेस लागू होणारा दर घरगुती दराहून वेगळा असला, तरी एवढ्या बचतीपुढे यंत्राची किंमत काही वर्षांत फिटावी. घरगुती ग्राहकाला अनुदान देण्याची मागणी उद्या होईलच. त्याआधी सरकारी पैसा या शाळांकडे वळणे न्याय्य ठरेल.

अर्थात यंत्र बसविले म्हणजे पाणी तापले, असे सरकारी इमारतींत सहसा घडत नाही. देखभालीचा करार खरेदीच्याच निविदेत असला पाहिजे, आणि तो किमान पाच वर्षांचा असावा. पंपाचा काँप्रेसर फ्रिजच्या जातीचाच आहे. तो दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावात तयार करता येण्याजोगा आहे. तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावयाचा असेल, तर बिघाड पौषात होणार आणि कारागीर फाल्गुनात पोचणार.