फळ्यावरची परीक्षा

प्रोग्रॅमरची नोकरी मागणाऱ्या उमेदवाराला एखादे अवघड कोडे घालावे आणि परीक्षकाच्या देखत ते फळ्यावर वा संगणकाच्या पडद्यावर सोडवून घ्यावे, ही अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांची रीत आता आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोहोचली आहे. साहजिकच अशा शेकडो कोड्यांचा सराव हा अनेक विद्यार्थ्यांचा दिनक्रम होऊन बसला आहे.

सरावाला नावे ठेवण्याचे कारण नाही. अवघड उदाहरणांशी झुंजल्यावाचून विचाराला शिस्त लागत नाही, हे गणिताचा कोणताही शिक्षक सांगेल. प्रश्न आहे तो घाईचा. क्रमवार यादीचे दर वेळी दोन भाग करीत हवी ती नोंद शोधण्याची ‘बायनरी सर्च’ ही पद्धत पाहावी. तिची कल्पना शाळकरी मुलालाही कळेल. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीवर अचूक चालणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध होण्यास १९६० साल उजाडावे लागले, अशी नोंद डोनल्ड क्नूथ यांनी केली आहे. पुढे ‘जावा’ भाषेतील याच प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे दडून राहिलेली एक चूक जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये उजेडात आणली. जाणत्यांनाही जे इतके जड गेले, ते एखाद्याने तासाभरात बिनचूक लिहून दाखविले, तर ती प्रज्ञा मानावी की पाठांतर?

दुसरा प्रश्न देखरेखीचा. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. काहींनी परीक्षकासमोर मोठ्याने स्पष्टीकरण देत प्रश्न सोडविला, तर काहींनी एकांतात. परीक्षकासमोर उभे राहिलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. प्रयोग लहान होता, हे खरे. तथापि अशा मुलाखतीत बुद्धीइतकाच धीटपणाही मोजला जातो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

यात खरी हानी होते ती ज्याच्यापाशी सवड नाही त्याची. घरी बसून सहा महिने कोडी घोटणे ज्याला परवडते, तो पुढे जातो. दिवसभर नोकरी करून रात्री शिकणारा, कदाचित कामात अधिक तरबेज असूनही, मागे राहतो. दोष सरावाचा नव्हे, निवडीच्या मापाचा आहे. प्रत्यक्ष कामातील छोटासा प्रश्न द्यावा, उमेदवाराला एकांत व पुरेसा वेळ द्यावा आणि मग त्याने तसेच का केले, याची त्याच्याशी सविस्तर चर्चा करावी. पाठांतर कोठे संपते आणि समज कोठे सुरू होते, हे त्या चर्चेत परीक्षकाला कळल्यावाचून राहणार नाही.