शहराचे नाव बदलले, ई-मेलचा पत्ता कोणाच्या मालकीचा?

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मान्यतेनंतर औरंगाबाद शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. दुकानांच्या पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलू लागले. ४३१००१ हा पिन क्रमांक मात्र तोच राहिला. त्यामुळे पाकिटावर जुने नाव लिहिले तरी पोस्टमनला घर सापडते. ई-मेलच्या व्यवहारात असा ओळखीचा पोस्टमन नसतो. पत्त्यात एका अक्षराची चूक झाली, तर पत्र परत येते किंवा भलत्याच्याच हाती पडते. म्हणूनच ज्यांच्या ई-मेल पत्त्यात शहराचे नाव आहे, त्यांनी आपला पत्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे हे तपासणे गरजेचे आहे.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि वाहनांचे सुटे भाग बनविणारे अनेक लघुउद्योग त्या परिसरात उभे राहिले. अशा उद्योगांची दरपत्रके, खरेदी आदेश आणि बिले आता ई-मेलनेच येतात-जातात. फुकटच्या खात्यावर हा व्यवहार चालत असेल, तर पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीचा असतो. स्वतःचे डोमेन नेम असेल, तर तो उद्योगाचा असतो. त्यापुढची पायरी म्हणजे स्वतःचा मेल सर्व्हर.

टपाल कसे पोचते?

ई-मेल पाठविण्याचा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुधारणांसह आजही तोच वापरात आहे. पाठविणारा सर्व्हर प्रथम पत्त्यातील डोमेन पाहतो आणि त्या डोमेनचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो, हे डीएनएस या महाजालाच्या नोंदवहीत शोधतो. या नोंदीला एमएक्स म्हणतात. त्यानंतर २५ क्रमांकाच्या पोर्टवरून पत्र सुपूर्द होते. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठविणारा थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न साधारणपणे चार-पाच दिवस चालतात. त्यामुळे तासभर वीज गेली म्हणून येणारे पत्र हरवत नाही.

काय लागते?

छोट्या कार्यालयासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नसते. एक-दोन जीबी स्मृतीचा, भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर मोजक्या खात्यांना पुरतो. त्यावर लिनक्स, टपाल पोचविण्यासाठी पोस्टफिक्स आणि पेट्या सांभाळण्यासाठी डव्हकॉट ही जोडी लोकप्रिय आहे. दोन्ही मोफत आहेत. संदेश वाटेत कोणी वाचू नयेत यासाठी लागणारे प्रमाणपत्रही ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून विनामूल्य मिळते.

घरच्या ब्रॉडबँडवर मात्र हा प्रयोग सहसा फसतो. तेथील आयपी पत्ता बदलत राहतो, अनेकदा तो बऱ्याच ग्राहकांत सामाईक असतो आणि २५ क्रमांकाचे पोर्ट बऱ्याच ठिकाणी बंद ठेवलेले असते. आभासी सर्व्हर देणाऱ्या अनेक कंपन्याही नव्या ग्राहकासाठी ते बंद ठेवतात. पैसे भरण्यापूर्वीच ते उघडून मिळेल का, हे विचारून घ्यावे.

विश्वासाच्या चार खुणा

सर्व्हर उभारणे एका दिवसाचे काम आहे. पाठविलेले दरपत्रक समोरच्याच्या स्पॅममध्ये न जाता इनबॉक्समध्ये पोचणे, ही खरी कसोटी. त्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, उलट नोंद: आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सापडले पाहिजे. ही नोंद आयपी देणारी कंपनी करते. दुसरी, एसपीएफ: या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर टपाल पाठवू शकतात, त्यांची यादी. तिसरी, डीकेआयएम: प्रत्येक संदेशावरची अदृश्य डिजिटल मोहोर. चौथी, डीमार्क: या तपासण्यांत संदेश नापास झाल्यास काय करावे, याची सूचना. डीमार्क सुरुवातीला केवळ अहवाल मागविण्यापुरते ठेवावे. सारे सुरळीत आहे याची खात्री झाल्यावरच नापास संदेश नाकारण्याची सूचना द्यावी.

गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबतचे नियम कडक केले. दिवसाला ५ हजारांहून अधिक संदेश जीमेलला पाठविणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही बंधनकारक झाली. छोट्या प्रेषकांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि योग्य उलट नोंद लागते.

जुने नाव सोडू नका

शहराच्या नावाबरोबर डोमेन बदलणाऱ्यांनी एक धोका ध्यानात घ्यावा. जुन्या डोमेनचे नूतनीकरण थांबविले, तर काही काळाने ते कोणीही विकत घेऊ शकते. मग जुन्या पत्त्यावर येणारे खरेदी आदेश आणि बँक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे त्या त्रयस्थाकडे जातील. त्यामुळे जुने डोमेन अनेक वर्षे चालू ठेवावे. स्वतःच्या सर्व्हरवर दोन्ही डोमेनचे टपाल एकाच पेटीत आणता येते आणि उत्तर नव्या पत्त्यावरून देता येते.

नवे डोमेन निवडताना शहराचे नाव टाळलेले बरे. रोमन लिपीत औरंगाबाद १० अक्षरांत बसते, छत्रपती संभाजीनगरला २४ लागतात. फोनवर पत्ता सांगताना चुकण्याची शक्यता तितकीच वाढते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ डोमेन २०१४ पासून मिळते, परंतु देवनागरी ई-मेल पत्ते सर्वच सेवा स्वीकारत नाहीत. त्यामुळे ते जोडीला घ्यावे, एकमेव पत्ता म्हणून नव्हे.

जबाबदारीही स्वतःचीच

मालकीबरोबर राखणही येते. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करणे, टपालाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि परक्यांना आपल्या सर्व्हरवरून टपाल पाठवू न देणे ही किमान पथ्ये आहेत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि निर्देशात नमूद केलेल्या सायबर घटना सहा तासांत कळविणे अपेक्षित आहे.

हे सांभाळणारा जाणकार हाताशी नसेल, तर डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून टपालसेवा विश्वासू कंपनीकडे सोपविणे शहाणपणाचे. तसे केले, तरी पुढे कंपनी बदलता येते आणि पत्ता तोच राहतो. मात्र डोमेनची नोंदणी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे, तर उद्योगाच्याच नावावर आहे का, आणि तिची मुदत कधी संपते, हे आजच पाहून ठेवावे.