मानेची दुखापत आणि अडलेला घास

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी मशहूर असले, तरी गळीत हंगामात उसाच्या वाहनांनी गजबजणाऱ्या तेथील रस्त्यांवर दुचाकी घसरून कोणाची मान जायबंदी झाली, म्हणजे नातलगांचे सारे लक्ष हातापायांकडे लागते. घशाची दखल मात्र उशिरा घेतली जाते, आणि हीच गोष्ट मला अधिक चिंताजनक वाटते.

वस्तुतः गिळण्याची क्रिया चालवणारे मुख्य मज्जातंतू मानेतील मज्जारज्जूतून नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून निघतात; मग मणका मोडल्यावर घास का अडावा? घसा आणि अन्ननलिका मानेच्या ७ मणक्यांच्या पुढ्यातून, त्यांना लगटून उतरत असल्यामुळे तेथील सूज, पुढच्या बाजूने केलेली शस्त्रक्रिया, श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी किंवा मान जखडणारा पट्टा, यांपैकी एखादे कारणही गिळण्यास अटकाव करू शकते. घास उतरताना स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासमार्ग क्षणभर बंद होतो. हा बंदोबस्त ढिला पडला, की पाणी फुप्फुसात शिरते, आणि छातीचे स्नायू दुर्बळ झालेल्या रुग्णाला ते खोकून बाहेर टाकता येत नाही. कित्येकदा ठसकासुद्धा लागत नाही. घोटानंतर आवाज ओलसर, घरघरता होतो, एवढीच काय ती खूण.

म्हणून आप्तांनी मायेपोटी पाण्याचे भांडे रुग्णाच्या तोंडाला लावण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासणी करवावी. बेरियम मिसळलेल्या घासाची वाट क्ष-किरणांच्या चलच्चित्रात स्पष्ट दिसते, आणि पेज किती दाट द्यावी, हे त्यावरूनच ठरवता येते.