सबवूफर घेताय? आधी जोडा जमतोय का ते पाहा!

भिंतीवरचा टीव्ही पातळ होत होत पाटीएवढा झाला आणि त्याचा आवाजही तसाच पातळ झाला. मग कुणीतरी सुचवतं, होम थिएटर घ्या. पाच छोटे छोटे स्पीकर घरात येतात. चहाच्या डब्याएवढे, भिंतीवर नीट बसणारे. पसारा होत नाही म्हणून आपल्यालाही ते पसंत पडतात. त्यांच्याबरोबर, किंवा दिवाळीच्या बोनसमधून मागाहून, एक मोठा काळा ठोकळा येतो. त्याचं नाव सबवूफर.

हा ठोकळा निवडण्याचं काम बहुतेक घरांत पुरुषमंडळी आणि दुकानदार मिळून उरकतात. आपल्याला विचारतात ते एवढंच, "हा कुठे ठेवायचा?" पण दिवसभर त्याच्या सहवासात असतो आपण. मुलांचा अभ्यास, सासूबाईंची दुपारची झोप, खालच्या मजल्यावरच्यांशी असलेला घरोबा, सगळं सांभाळायचं ते आपणच. तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात जायच्या आधी या ठोकळ्याची थोडी माहिती करून घ्यायला काय हरकत आहे? मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, विज्ञान नव्हे. पण आमच्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत प्रश्न विचारून विचारून मी हे समजून घेतलं आहे, आणि ते मुळीच अवघड नाही.

तबला-डग्गा आठवा. लहान स्पीकर तबला छान वाजवतो, डग्गा मात्र त्याच्याकडून निघत नाही. आवाज म्हणजे हवेची कंपनं, आणि एका सेकंदाला किती कंपनं होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६५-७० हर्ट्झच्या आसपास असतो. आता, एक सप्तक खाली उतरायचं पण आवाज तेवढाच मोठा ठेवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. तीन इंची पडद्याला ते कुठून जमणार? तो १२०-१५० हर्ट्झपर्यंत येतो आणि दमतो. त्याच्या खालचं सगळं सबवूफरने उचलायचं असतं.

सिनेमावाल्यांना या खालच्या आवाजाचं वेड जुनंच आहे. १९७४ साली 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटासाठी थिएटरांत 'सेन्सराउंड' नावाचे खास मोठे स्पीकर बसवले होते. भूकंप नुसता दिसू नये, खुर्चीत बसल्या बसल्या जाणवावा म्हणून! खोक्यावर '५.१' लिहिलेलं असतं त्यातला तो शेवटचा '.१' म्हणजे याच खालच्या आवाजांसाठी राखून ठेवलेली वेगळी वाट. ती १२० हर्ट्झपर्यंतच असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. लहान स्पीकर जिथे थांबतात तिथून सबवूफरने आवाज उचलला पाहिजे. मध्ये फट राहता कामा नये. सबवूफर किती मोठा, किती वॅटचा, हे सगळं त्यानंतर. ज्या ठिकाणी एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

ही फट राहिली की काय होतं ते मी माझ्या नणंदेच्या घरी, सांगलीला पाहिलं. तिच्याकडे अगदी चिमुकले पाच स्पीकर होते. दुकानदाराने त्यांच्या गळ्यात बारा इंची सबवूफर बांधला आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर लावून दिला. "वहिनी, सगळीकडे असाच लावतात," म्हणाला. सिनेमातले स्फोट झकास व्हायचे, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पण तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, बोलणं काही केल्या समजेना. आवाज वाढवावा तर धडधडच वाढे. "सूनबाई, हा बातम्या देणारा नाकातून का बोलतोय गं?" असं ते विचारत आणि पोरं हसत. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की अण्णांचे कान गेले. हळूहळू ते संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसेनासेच झाले. आत पलंगावर ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन पडत. नणंदेला ते फार लागे, पण सांगणार कुणाला?

खरं म्हणजे अण्णा बरोबर बोलत होते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. स्पीकर १५० ला थांबत होते, सबवूफर ८० च्या वर येत नव्हता. म्हणजे नेमका पुरुषी आवाजाचा पाया त्या फटीत पडत होता आणि वर सबवूफरचा घुमारा शब्द झाकत होता. माझ्या धाकट्या दिरांनी क्रॉसओव्हर १५० वर आणला, सबवूफरचा आवाज निम्म्याच्या खाली केला आणि तो सोफ्यामागून उचलून टीव्हीशेजारी ठेवला. अण्णांच्या कानाला वयाप्रमाणे थोडं कमी ऐकू येतं, नाही असं नाही. पण आता ते बातम्या शेवटपर्यंत बसून ऐकतात आणि मग त्यावर बोलतातही, हे जास्त.

टीव्हीशेजारी का? तर ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून तसा सबवूफर कोपऱ्यात लपवला तरी चालतो. पण क्रॉसओव्हर १५० वर गेला की दिशा कळू लागते. मग माणूस पडद्यावर बोलतो आणि त्याच्या आवाजाचा जाडपणा सोफ्यामागून येतो, असा चमत्कारिक प्रकार होतो.

यावरून निवड कशी करायची ते पाहा. आपले स्पीकर दोन-तीन इंची असतील, तर बारा इंची धूड घेण्यात अर्थ नाही. आठ इंची, पण १५०-१६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा सबवूफर घ्यावा. काही सबवूफर १२० च्या वर नीट वाजतच नाहीत, हे घेताना विचारायचं. आणि स्पीकर चार-पाच इंची, शेल्फवर ठेवायचे, ८० पर्यंत उतरणारे असतील, तर दहा इंची, ३०-३५ पर्यंत जाणारा घेतला तर पैसे सार्थकी लागतात. दहा इंची पडद्याचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या दीडपटीहून थोडं जास्तच भरतं, म्हणून इंचाचा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

स्पीकर कुठपर्यंत उतरतात हे त्यांच्या माहितीपत्रकात 'फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स' या ओळीत दिलेलं असतं. पुढे '±३ डीबी' असं लिहिलेलं असेल तर आकड्यावर भरवसा ठेवावा. नुसतंच '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' छापलेलं असेल तर त्याला जाहिरात समजावं. क्रॉसओव्हर त्या आकड्याच्या थोडा वर लावायचा. स्पीकर १०० पर्यंत उतरत असेल तर १२० वर.

वॅटचंही तसंच. 'पी.एम.पी.ओ.' असं लिहून हजारांचे आकडे टाकतात, त्याला भुलू नका. 'आर.एम.एस.' किती ते विचारा. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. शंभर वॅटऐवजी दीडशेसाठी जास्तीचे पैसे मोजायचे की त्यात मिक्सर दुरुस्त होईल, हे ज्याचं त्याने ठरवावं!

पेटी बंद असते किंवा तिला भोक असतं. भोकवाली तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देते, बंद पेटी लहान असते आणि तिचा ठोका आटोपशीर येतो. लहान खोलीत, गाणी ऐकण्याची आवड असेल तर मी बंद पेटी घेईन.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी घरीच बघून ठेवायची. आपल्या ॲम्प्लिफायरच्या मागे 'सबवूफर आउट' असं लिहिलेलं भोक आहे का? स्वस्त संचांत बहुधा नसतं. मग ज्याला स्पीकरच्या तारा सरळ जोडता येतात असाच सबवूफर लागतो. मागचा फोटो मोबाईलवर काढून नेला की काम होतं. भोक असेल, तर ॲम्प्लिफायरच्या यादीत आपले स्पीकर 'स्मॉल' म्हणून नोंदवायचे. लहानाला लहान म्हणण्यात कमीपणा नाही. 'लार्ज' लिहिलं की डग्ग्याचं ओझं पुन्हा त्या चिमुकल्यांवर पडतं. क्रॉसओव्हर ॲम्प्लिफायरवर लावला असेल तर सबवूफरवरचं तेच बटण पूर्ण वर फिरवून ठेवायचं, नाहीतर एकच आवाज दोनदा गाळला जातो.

दुकानात हेलिकॉप्टर आणि बॉम्बच ऐकवतात. त्यावर कुठलाही सबवूफर भारी वाटतो. आपण आपलं ओळखीचं गाणं न्यावं, डग्गा किंवा पखवाज स्वच्छ वाजलेलं. प्रत्येक थाप सुटी ऐकू यायला हवी, एकात एक मिसळलेली 'भुंऽऽ' नको. मग एखाद्या पुरुषाचं साधं बोलणं लावायला सांगावं आणि सबवूफर एकदा बंद, एकदा चालू करायला लावावं. चालू केल्यावर आवाज भरदार वाटला पण ठोकळ्याकडे मान वळली नाही, तर जोडा जमला. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. साडी घेताना नाही का आपण वीस घड्या मोडायला लावत!

घरी आणल्यावर जागा शोधायची. ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साधारण २८ फूट भरते आणि आपली खोली बारा फुटांची. त्यामुळे लाटा भिंतींवर आपटून कुठे आवाज साठतो, कुठे अगदी गायब होतो. यावर एक गमतीदार पण खरा उपाय आहे. आपण नेहमी बसतो त्या खुर्चीवर सबवूफर ठेवायचा, गाणं लावायचं आणि फरशी पुसताना सरकतो तसं टीव्हीच्या बाजूच्या भिंतीलगत सरकत जायचं. जिथे डग्गा सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर. मागे ०-१८० असं बटण असतं, ते दोन्हीकडे करून जिकडे आवाज भरीव लागेल तिकडे सोडायचं. अगदी कोपऱ्यात ठेवला की आवाज वाढतो, पण घुमतोही.

शेजाऱ्यांचं काय? खालचे सूर भिंती आणि स्लॅब सहज ओलांडतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ते मोजमाप खालच्या आवाजांना फार कमी धरतं. यंत्रावर आकडा लहान दिसेल आणि खालच्या वहिनींच्या छातीत मात्र धडधडेल. पेटीखाली जाड रबर घातलं तर जमिनीतून जाणारा थरथराट कमी होतो, हवेतून जाणारा नाही. दहानंतर सबवूफरचा आवाज उतरवणं हाच सोपा मार्ग.

कुठे काही खणखणलं तर सबवूफरला दोष देण्याआधी शोकेसच्या काचा आणि मांडणीवरच्या वाट्या तपासा. आमच्याकडे तर पिंपावरचं झाकण वाजत होतं. पेटीवर पाण्याची फुलदाणी ठेवू नये. विणलेला रुमाल घालायला हरकत नाही, पण भोक झाकू नका. आणि भोक असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी मारून आत बघा. झुरळांना ती ऊबदार जागा फार आवडते.