चिकटवाचिकटवीची पासष्ट वर्षं

1959 साली बळवंत पारेख यांनी मुंबईत फेविकॉल बाजारात आणलं ते घरगुती वापरासाठी नव्हे, सुतारांसाठी. सुतारांची भिस्त तोवर सरसावर होती. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस रात्रभर भिजत घालायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर वितळवायचा, त्याचा वास सोसायचा आणि गरम आहे तोवर घाईघाईनं सांधा जुळवायचा. एवढं करून पावसाळ्यात हवा दमट झाली की खुर्चीचे पाय कुरकुरायला लागायचेच. डबा उघडून सरळ लावता येणारं, शिजवावं न लागणारं, वाळल्यावर दिसेनासं होणारं पांढरं रसायन सुतारांना आवडलं नसतं तरच नवल. कंपनीनंही दुकानदारांच्या आधी सुतारांनाच गाठलं.

या सोयीत एक गोष्ट हातची गेली, ती तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. सरसाचा सांधा सोडवता येत असे. गरम पाण्याचा फडका धरला, वाफ दिली, पातळ पातं घातलं की लाकूड न फाटता दोन भाग वेगळे होत. व्हायोलिन बनवणारे आजही सरस सोडत नाहीत तो एवढ्याचसाठी. वाद्य दुरुस्तीला आलं की त्याची पाटी उचलावी लागते. फेविकॉलचा सांधा नीट बसला असेल तर तो सुटत नाही, शेजारचं लाकूड फाटतं. कंपनीनं नेमकी याचीच जाहिरात केली आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आपल्या घरांतल्या दुरुस्तीचं काय झालं हे पाहू गेलं, तर सगळी कहाणी या एका फरकाभोवती फिरते असं मला वाटतं: लावलेलं पुन्हा सोडवता येतं की नाही.

त्याआधी घरात चिकटवायचं सामान बहुतेक स्वयंपाकघरातूनच येई. पाकीट बंद करायला भाताची चार शितं, आकाशकंदिलाला कणकेची नाहीतर मैद्याची खळ, कागदाला बाभळीचा डिंक. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालत, म्हणजे तिला कसर लागत नसे. हे सगळं पाण्यानं सुटे. पखवाजाच्या धुमेला बसण्याआधी कणीक लावतात आणि वादन संपल्यावर ती खरवडून काढतात; चिकटवण्याचा याहून तात्पुरता प्रकार शोधूनही सापडायचा नाही.

सत्तरच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना घरातला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आठवत असेल. त्यात सुतळीचं गुंडाळं, सेफ्टी पिना, स्टोव्हच्या पिना, नळाचे वायसर, मोडक्या छत्रीच्या काड्या, ठोकून सरळ केलेले खिळे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे असायचे. ट्यूबचं महत्त्व कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण या डब्यातली खरी मालकीण तीच. आडवी कापली की रबरबँड, उभी कापली की कॅरियरला सामान बांधायची पट्टी, चौकोन कापून घासला आणि सोल्यूशन लावलं की पंक्चरचं ठिगळ, ताणून गुंडाळली की गळक्या पाइपावरचा तात्पुरता इलाज. स्लिपरचा पट्टा छिद्रातून निसटू लागला की तळाशी त्यात सेफ्टी पिन ओवायची आणि पुढचे दोन महिने काढायचे. प्लास्टिकची बादली चिरली तर जुन्या मगाचा तुकडा आणि गॅसवर तापवलेली सुरी. स्टोव्हच्या पंपाचा चामडी वायसर सुकला की तेलात बुडवून पुन्हा बसवायचा.

हे सगळं हौसेखातर नव्हतं. चेतक स्कूटर 1972 साली आली आणि पुढे बरीच वर्षं नंबर लावून तिची वाट पाहावी लागे. फोनचंही तेच. जी वस्तू इतक्या सायासानं घरात आली ती टाकून द्यायचा विचार कोण करणार? पेट्रोलची टाकी पाझरायला लागली की कपड्याच्या साबणाची वडी त्या जागी घासायची, हे स्कूटरवाल्यांना ठाऊक होतं. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही. म्हणून गॅरेज येईपर्यंत ती भेग धरून ठेवतो. ट्रकवाले गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकत. पाण्याच्या ओघाबरोबर बारीक भुकटी छिद्रापाशी जाऊन अडकते आणि फुगते. पुढे तीच हळद रेडिएटरच्या नळ्याही तुंबवते, पण घाटात गाडी बंद पडलेल्या माणसाला तो पुढचा प्रश्न होता.

अलीकडे जुगाडाचं फार कौतुक होतं, व्यवस्थापनाच्या वर्गांतही त्यावर व्याख्यानं झडतात. हे कौतुक करणाऱ्यांनी फ्यूजची आठवण ठेवावी. जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये ठरावीक जाडीची तार घालायची असते, म्हणजे भार वाढला की आधी ती वितळते. ती सारखी उडते म्हणून लोक जाड तांब्याची तार गुंडाळत, काही तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालत. दिवे लागत आणि भिंतीतल्या वायरी तापत. कुकरची शिटी, गॅसची नळी, रेग्युलेटर यांवरही असे प्रयोग होत. टंचाईनं माणसं कल्पक झाली हे खरं, तशी ती बेफिकीरही झाली.

आणखी एक. कौतुक झालं ते रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्या वडिलांचं. उसवलेली शिवण, विरलेल्या साडीचं रफू, जुन्या लुगड्यांची गोधडी, गणवेशाची उतरवलेली दुमड, स्टोव्हचं बर्नर साफ करणं ही दुरुस्ती रोज व्हायची, पण तिला कुणी दुरुस्ती म्हटलं नाही. ते घरकाम होतं. आणि टाका उसवता येतो, हेही इथेच सांगून ठेवतो.

फेविकॉलची मर्यादा लाकूड, कागद, पुठ्ठा, कापड इथवर. पाणी आणि धातू हे त्याचं काम नव्हे. ती जागा भरली इपॉक्सीनं. अॅराल्डाइटच्या दोन ट्यूब, एकीत राळ, दुसरीत ती कडक करणारं द्रव्य, सारख्या प्रमाणात काड्यापेटीच्या काडीनं घोटायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. एम-सीलनं तेच काम मळण्याजोगं केलं: दोन रंगांचे गोळे, रंग एकजीव होईपर्यंत मळायचे आणि दाबून बसवायचे. हे मूळचं महिंद्र समूहातलं उत्पादन 2000 साली फेविकॉलच्याच कंपनीकडे गेलं. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या गच्च्या, टाक्या आणि ड्रेनेजच्या नळांवर एम-सीलचे जे फुगवटे दिसतात, त्यांवरून इमारतीचं वय सांगता यावं. प्लंबर मात्र त्यांना शिव्या घालतो, कारण आटे असलेल्या जोडावर ते थापलं की पुढच्या वेळी जोड उघडत नाही, पाइप कापावा लागतो.

चिकटपट्टीची गोष्ट अमेरिकेतली. रिचर्ड ड्रू यांनी 1930 साली पारदर्शक चिकटपट्टी काढली. 1943 मध्ये इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, की खोक्यांवरचा कागदी टेप ऐन युद्धात फाटतो, त्याऐवजी कापडी जलरोधक टेप वापरा. त्यांची मुलं नौदलात होती. त्यातून जी पट्टी निघाली तिच्याच जातीच्या टेपनं एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या अंतराळवीरांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचा पुठ्ठा आणि पोशाखाच्या नळ्या जोडून यानातली हवा शुद्ध करायची सोय केली. चौकोनी डबे गोल खाचेला बसवायचे होते. आपल्याकडे हा रुंद टेप घराघरांत फार उशिरा पोचला. आपला टेप म्हणजे इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी. वायरीपासून बॅटच्या मुठीपर्यंत आणि चष्म्याच्या काडीपासून रिमोटच्या झाकणापर्यंत ती सगळीकडे लागली. उन्हात तिचा चिकटा ओघळतो, पण ती उलगडता येते, हा तिचा मोठा गुण.

पारदर्शक पट्टीनं मात्र नुकसान केलं. फाटलेल्या पोथ्या, कुंडल्या, जमिनीचे कागद, लग्नातले फोटो यांना ती प्रेमानं लावली गेली. काही वर्षांत तिचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग कायम राहतो. जतनाचं काम करणारे तो काढायला द्रावकं वापरतात आणि जागा भरायला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावतात. म्हणजे आजीची खळच, गाळून शुद्ध केलेली. कारण तेच: उद्या गरज पडली तर ती ओल्या बोळ्यानं सुटते.

ऐंशीच्या दशकात फेविक्विक आलं आणि थांबणं संपलं. त्यातलं सायनोअॅक्रिलेट हॅरी कूव्हर यांना 1942 मध्ये सापडलं होतं; बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना ते हाती लागलं आणि जिथेतिथे चिकटतं म्हणून बाजूला टाकलं गेलं. 1958 मध्ये ते विकायला आलं. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या दमटपणानं ते घट्ट होतं, म्हणून बोटं सगळ्यात आधी चिकटतात. लोक ते जास्त ओततात. खरं तर एक थेंब पुरतो, थर जाड झाला की पकड कमी होते. कपाचा कान त्यानं झटकन जोडला जातो आणि गरम चहा-धुणं यांच्या माऱ्यानं काही आठवड्यांत निखळतो. जुनं फेविक्विक खरवडल्याशिवाय नवं धरत नाही, आणि खरवडलं की कडा जुळत नाहीत. मोबाइलवाले त्यावर खायचा सोडा भुरभुरतात, क्षणात कडक भराव तयार होतो. काम चोख, पण त्या जागी पुन्हा कुणाला शिरायची सोय उरत नाही.

दरम्यान वस्तूच बदलल्या. कॅसेटचं उदाहरण घ्या. काही कॅसेटना कोपऱ्यात चार आणि मध्ये एक स्क्रू असे. फीत तुटली की उघडायची, टोकं कापून पाठच्या बाजूनं चिकटपट्टी लावायची, पेन्सिलीनं गुंडाळायची. काही कॅसेट कारखान्यातच डकवून आलेल्या असत, त्या फोडाव्या लागत. पुढच्या वीस वर्षांत या दुसऱ्या जातीनं बाजार जिंकला. 2003 साली आलेल्या नोकिया 1100 चं झाकण अंगठ्यानं सरकायचं. आजच्या बहुतेक फोनची काच आणि बॅटरी डिंकानं बसवलेली असते. बॅटरी बदलायला उष्णता, पातं आणि कारागीर लागतो. ज्या द्रव्यानं आपण तीस-चाळीस वर्षं वस्तू वाचवल्या, त्याच द्रव्यानं कारखान्यांनी त्या आपल्यासाठी बंद केल्या. पातळपणा आणि पाण्यापासून बचाव ही कंपन्यांची कारणं खोटी नाहीत, सोयीची मात्र आहेत. लोक आळशी झाले म्हणून डबा गेला असं म्हणणाऱ्यांनी आधी एखादा आजचा ट्रिमर उघडून दाखवावा.

सरकारांना हे उशिरा सुचलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आहेत. मात्र हे संकेतस्थळ माहिती देतं, सक्ती करत नाही. युरोपीय संघाचा नियम जास्त कडक आहे: काही अपवाद सोडता 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

तोवर घरच्या दुरुस्तीत आपल्या हाती एवढंच आहे. जिथे स्क्रू, दोरा किंवा टाका चालतो तिथे ट्यूब उघडू नका. आट्यांच्या नळाला एम-सील नको, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळा. आणि घरातल्या जुन्या कागदांवर, फोटोंवर चिकटपट्टी असेल तर ती ओढून काढू नका, जाणकाराला दाखवा. नसेल, तर लावू नका.